बावडीच्या गाळातली खोगिरं

किसना, काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्या, भावकीनं गाड्या जुंपल्या आणि सगळे आपापल्या गावांना गेले. आज सकाळी मी गाडीतळाच्या बावडीवर गेलो आणि चारचौघांसमोर एक गोष्ट बोललो. खरं म्हणजे ती गोष्ट पहिल्यांदा तुला सांगायची होती. तू शुद्धीवर होतास, माझ्याकडे पाहत होतास, तेव्हा मी तोंड शिवून बसलो. आता तुला लिहितो आहे. तू वाचणार नाहीस हे मला समजतं, एवढा काही मी खुळा झालो नाही. पण तेरा दिवसांत घास घशाखाली उतरलेला नाही, आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय तो उतरेल असं वाटत नाही.

आपण दोघं अंजनगाव सुर्जीच्या एकाच गल्लीतले. तू कुणब्याचा, मी कुळकर्ण्याचा. तुझी आई मला ओसरीवर बसवून ताक द्यायची आणि माझी आई ते ऐकून मला विहिरीवर अंघोळ घालायची. पुढे मी अमरावतीत शाळामास्तर झालो आणि तू कापसाचा पारखी. ढिगात हात घालायचा, चिमूट काढायची, बोटांत धाग्याची तार ओढून पाहायची आणि एकच शब्द बोलायचास. त्या शब्दावर घेणारा घ्यायचा आणि देणारा द्यायचा. समुद्रापलीकडे कुठं लढाई लागली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचे दिवस आले, तेव्हा लोक कापसाला पाणी मारू लागले, सरकीखाली माती दडवू लागले. तुला विकत घ्यायला किती जण आले आणि तुझ्या शिव्या खाऊन गेले! "माया डोयात काई गेलं नाई अजून," म्हणायचास. तुझी नजर आणि तुझी जबान, दोन्ही गावात चालायच्या.

कापसाची तार पाहायला म्हणून तू मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून भिंग मिळवलंस, आणि तिथून ते वेड लागलं. गाडीतळाजवळचं तळं त्या वर्षी आटलं होतं. तू तळातली भेगाळलेली माती उचललीस, भिंगाखाली धरलीस आणि धावत माझ्या शाळेत आलास. पोरं पाढे म्हणत होती. "मास्तर, मातीत तिळाहून बारीक खोगिरं हायेत," म्हणालास. मला वाटलं, याला ऊन लागलं. पण खरंच होतं. काळपट, घोड्याच्या पाठीवरच्या खोगिरासारखी बाकदार, आणि आत दाणे. तू ती माती पसरट खापरी परळात घातलीस, वर पाणी ओतलंस, आणि पाच-सहा दिवसांनी त्या पाण्यात पाणपिसवा टुणटुण उड्या मारू लागल्या. डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या. तुझा चेहरा त्या दिवशी मुलगा झालेल्या बापासारखा झाला होता.

मग तुझं ते रोजचंच झालं. पाणी आटायला लागलं की पिसवेच्या पाठीवर खोगीर धरतं, त्यात अंडी असतात, पिसू मरते आणि खोगीर चिखलात पडून राहतं, वर्ष-दोन वर्षं सुद्धा. हे तू परळांवर डोकं घालून घालून शोधलंस. आणि पिसवा सगळ्या सारख्याच दिसत असल्या तरी खोगिरावरून जात ओळखता येते, हेही तुझंच. ज्या पाण्यात बैल बसतात, शेण पडतं, त्या पाण्यातलं खोगीर लांबट गोल, त्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी आणि आत दोन दाणे. शेवाळ असलेल्या निवळ पाण्यातल्या खोगिरात एकच दाणा. तू त्यांना दोनदाणी आणि एकदाणी म्हणायचास. मी तुझ्यासाठी वहीत चित्रं काढायचो आणि तू माझ्या खांद्यावरून पाहत राहायचास. "दाना आडवा हाय बे, तू उभा काहून काढला? डोये शाळेत ठुले का?" असं चाललेलं. किसना, शाळेत पोरांपुढे छडी घेऊन उभा राहणारा मी, तुझ्यापुढे पाटी घेऊन बसलेला पोर व्हायचो. मला ते आवडायचं. तुला कधी सांगितलं नाही.

आपला एक वाद राहूनच गेला. माझं म्हणणं, हे जीव मातीतून आपोआप उपजतात, जुन्या लोकांनी तसं सांगून ठेवलं आहे. त्यावर तू किती हसलास! "माती कदी बायंत झाली का मास्तर?" तू माती तव्यावर भाजलीस, पाणी घातलंस, महिनाभर वाट पाहिलीस, काही निघालं नाही. "पाह्य," म्हणालास, "दाना मेला तं पिसू नाई." मी म्हणालो, तव्यानं मातीचाच जीव गेला असेल. त्यावर तू पायातली वहाण काढून मला दाखवलीस. माझं उत्तर लबाडीचं होतं, मला ठाऊक होतं. पण हार मानायची माझी जीभ नाही. हा माझा दोष लहानपणापासूनचा, तू तर पहिल्यापासून पाहिलेला.

गाडीवान तुझ्यासाठी माती आणायचे, आठवतं? अकोल्याच्या डोहातली, दर्यापूरच्या वाटेवरची, कुठली कुठली, धोतराच्या सोग्यात गाठ मारून. एकदा एका गाडीवानानं तुझी गंमत करायची म्हणून वाटेतल्याच डबक्यातला चिखल अकोल्याचा म्हणून दिला. तू भिंग लावलंस, वर पाहिलंस आणि म्हणालास, "ही अकोल्याची नाई भाऊ. ही तं बैल धुतलेल्या पान्यातली हाय. खरं सांग, कुठं बसला होता?" तो कान धरून हसला. सगळा गाडीतळ हसला. मी मात्र त्या दिवशी तुझ्याकडे नुसता पाहत राहिलो.

आता यंदाचं सांगतो. तुला सगळं माहीत आहे, फक्त मधलं एक माहीत नाही.

यंदा कापसाच्या गाड्या इतक्या आल्या की गाडीतळाला पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे बैल त्या एका तळ्यात. पाणी हिरवं, मग काळं, मग नुसता रेंदा. बावडी तिथून शंभर पावलांवर. तुमची सगळी आळी आणि सगळे गाडीवान त्याच बावडीचं पाणी पिणारे. मी नाही. माझ्या घरी माझी विहीर आहे, आमच्या आळीत दुसऱ्याच्या पाण्याला कोणी शिवत नाही. चैत्रात दोन गाडीवान ओकारी-हगवणीनं गेले. लोक घाबरले. मरीमायला नवस बोलले, आणि मग पंच तुझ्याकडे आले. "किसनराव, बावडीचं पानी चांगलं हाय का? तुमी सांगान तसं करू. नाईतं चार दिवसांत दुसरीकडून पानी आनायची सोय करू."

तू म्हणालास, गाळ पाहतो. बावडीच्या तळात दोनदाणी निघाली तर तळ्याचं पाणी कुठूनतरी आत झिरपतं आहे, जमिनीला भेगा पडल्याच आहेत. एकदाणी निघाली तर पाणी जुनंच, निवळ. इतकं साधं. गुडघा दुखत असताना तू शेवाळलेल्या पायऱ्या उतरून गेलास, तळाचा गाळ काढलास आणि परळात घालून माझ्याकडे दिलास. तुझ्या घरी जिकडे तिकडे रुई उडत होती, गाळात कचरा पडला असता. "तुया शायच्या ओसरीवर वाळू दे मास्तर. दोन दिवस. हात नको लावू, नुसतं पाह्य."

मी हातच लावला, किसना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर चटई पसरताना माझाच पाय लागला. परळ खाली अंगणात गेलं, फुटलं, आणि अर्धा वाळलेला गाळ अंगणातल्या धुळीत मिसळला. पोरं घरी गेली होती. कोणी पाहिलं नाही. उठून तुझ्याकडे यायचं होतं आणि म्हणायचं होतं, अरे सांडलं, पुन्हा काढ. तू चार शिव्या दिल्या असत्यास, गुडघा धरत पुन्हा उतरला असतास. एवढंच झालं असतं. देवाशप्पथ, एवढंच!

पण त्याच्या आठ दिवस आधी तू मला पंचांसमोर हसला होतास. मी चित्रात जाळी दाखवायला विसरलो आणि त्या पानावर शाई सांडली, तेव्हा तू म्हणालास, "मास्तरच्या हाती काईच टिकत नाई, बायकोनं नथ बी लपवून ठेवली हाय." सगळे खो खो हसले. मीही हसलो. आत मात्र मिरची लागली होती. तेच सगळे पंच परवा बावडीवर जमणार होते, आणि तू तेच पुन्हा म्हणाला असतास. त्या एका वाक्याच्या भीतीनं मी काय केलं ते आता लिहितो. मी माझ्या घरच्या विहिरीच्या कुंडीतला गाळ खरवडला. दुसऱ्या परळात घातला. उन्हात ठेवला. मनाला सांगितलं, बावडी चांगलीच आहे, इतक्या वर्षांची बावडी, तिथलाही गाळ असाच निघाला असता. चाळीस वर्षांचा बाप्या, शाळामास्तर, पोरांना खरं बोलायला शिकवणारा, मी हे केलं.

बावडीवर ती सकाळ मला दिसते. तू काठावर उकिडवा बसला होतास, पांढऱ्या फडक्यावर माती पसरली होतीस, भिंग डोळ्याशी. बायका घागरी घेऊन उभ्या, पंच मागे. तू बराच वेळ पाहत होतास. मग मान वर केलीस आणि माझ्याकडे पाहिलंस. "मास्तर, हे जराशी तांबूस दिसून राहिली. मी काढली तवा काळी होती. हेच का ते माती?"

मी म्हणालो, "हीच."

तू अजून थोडा वेळ माझ्याकडे पाहिलंस. ज्या गाडीवानानं तुला फसवलं त्याला तू क्षणात पकडलं होतंस. मला का सोडलंस? मी रोज हाच विचार करतो. तुला ओळखू आलं नाही, की आलं आणि तू मला बोलायला वेळ दिलास? मला वाटतं, तू तुझ्या डोळ्यांपेक्षा माझ्या शब्दाला जास्त मानलंस. असं मला वाटायला लागलं की मी उठून अंगणात फेऱ्या मारतो.

मग तू म्हणालास, "एकदानी. सारेच एकदानी हायेत. बावडी साफ हाय." आणि पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी प्यालास, सगळ्यांसमोर. बायकांनी घागरी बुडवल्या. तुझी बायको, माझी रुखमा वहिनी, सगळ्यात पुढे होती, हसत होती, तुझ्या शब्दाचा तिला किती अभिमान होता ते तिच्या मानेवरून कळत होतं. दुसरीकडून पाणी आणायचं कोणी पुन्हा काढलं नाही. मी शाळेत गेलो आणि पोरांना शुद्धलेखन घातलं.

बारा दिवस, किसना. त्या बारा दिवसांत आपण चार वेळा भेटलो. एकदा तर तू चिखलदऱ्याचं काढलंस. पावसाळा सरला की वर जाऊ, तिथल्या गार पाण्यातलं खोगीर कसं असतं ते पाहू, तू चित्र काढ, मी भिंग धरून बसतो, म्हणालास. मी हो म्हणालो, बैलगाडी कोणाची घ्यायची ते सुद्धा आपण ठरवलं. तेव्हाही सांगता आलं असतं. शब्द अगदी ओठापर्यंत आले होते. मग तू काहीतरी बोललास आणि मी हसलो आणि ती वेळ गेली.

आधी एका गाडीवानाची बायको आजारी पडली. मग तुमच्या आळीतला म्हातारा. मग तू. मी आलो तेव्हा तुझे डोळे खोल गेले होते, हातांची कातडी सुरकुतली होती, आवाज कुठून तरी लांबून येत होता. रुखमा वहिनी तुला चमच्यानं पाणी पाजत होती. बावडीचंच पाणी. मी तो चमचा पाहत होतो. शेवटी मी म्हणालो, वहिनी, माझ्या घरून पाणी आणतो. ती म्हणाली, "काहून भाऊजी? याईनंच तं पाहिलं ना हे पानी."

तेव्हा तू डोळे उघडलेस. मला जवळ बोलावलंस. "मास्तर," म्हणालास, "माई नजर चुकली का बे?"

मी म्हणालो, "पडून राहा. बोलू नको."

"चुकली असन," म्हणालास. "वय झालं. पुन्यांदा पाह्य तू. लोकाईले सांग." आणि डोळे मिटून घेतलेस. दुसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास. तुझ्या जिवापेक्षा तुला नजरेचं वाईट वाटत होतं. आयुष्यभर जी कधी चुकली नाही ती शेवटी चुकली, असं समजून तू गेलास. आणि तुझ्या उशाशी बसलेल्या माणसाला खरं ठाऊक होतं. मी तुझा हात धरून बसलो होतो म्हणे. लोक मला चांगला मित्र म्हणाले. त्या दिवशी मला कोणी जोड्यानं मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी बावडीत उतरलो. आमच्या घरी कळलं तर प्रायश्चित्त सांगतील, सांगू देत. तळाचा गाळ काढला, तुझंच भिंग वहिनीकडून मागून आणलं, आणि दोन दिवस त्या परळापाशी बसून राहिलो, जेवायलाही उठलो नाही. वाळल्यावर पाहिलं. जाळी होती. दाणे दोन होते. एकामागून एक, सगळी दोनदाणी. मी मोठ्यानं रडलो. शेजारची म्हातारी विचारायला आली, तिला सांगितलं, डोळ्यात काही गेलं.

आता तू असतास तर वाद घातला असतास. पाणी भेगांतून आलं, की गाडीवानांच्या पखालींना लागून आलं, तळ्यात बुडवून आणलेली पखाल ते बावडीतही बुडवतात. मी म्हणालो असतो पखाल, तू म्हणाला असतास भेगा. कळत नाही मला. कोणाशी भांडून ठरवू?

तेरवीपर्यंत मी गप्प होतो. त्या दिवसांत आणखी दोघं गेले. हे मी लपवत नाही, लिहून ठेवतो. मला वाटायचं, तेरवी होऊ दे, वहिनीला तेवढे दिवस तरी तुझी आठवण निर्मळ राहू दे. हेही कारणच होतं, दुसरं काय! भित्र्याला कारणांची कमी पडत नाही.

आज सकाळी बावडीवर गेलो आणि काठावर उभा राहून सांगितलं. हे पाणी पिऊ नका. किसनानं पाहिली ती माती बावडीची नव्हती, माझ्या घरची होती. मी बदलली. पंचांपैकी एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुमाले लय लागलं त्याचं. घरी जा, निजा." बायका एकमेकींकडे पाहून हळहळल्या. कोणाला खरं वाटेना. एक म्हातारी म्हणाली, "किसनरावनं पेऊन दाखवलं होतं. तो लबाड बोलनारा मानूस नोता." आणि तिनं दोर सोडला. तुझ्या शब्दाचं वजन माझ्यापुढे भिंतीसारखं उभं होतं, किसना. मी ओरडलो, हात जोडले, भिंग पुढे केलं. घागरी भरत राहिल्या.

रुखमा वहिनी पायऱ्यांवर होती, भरलेली घागर कमरेवर. तिनं ऐकलं होतं. ती वर आली, माझ्यासमोर थांबली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, डोळे कोरडे.

"भाऊजी," म्हणाली, "त्याईनं इथंच तुमाले इचारलं होतं. हेच का ते माती म्हनून."

"हो," मी म्हणालो.

"आन् तुमी काय म्हटलं?"

"हीच, म्हणालो."

"आन् मरता मरता त्याईनं इचारलं, नजर चुकली का. तवा?"

मी हातातलं भिंग तिच्या पायाशी ठेवलं. तिनं कमरेवरची घागर उतरवली आणि तिथंच आडवी केली. पाणी पायऱ्यांवरून खाली गेलं, बायका बाजूला सरकल्या. मग त्या म्हातारीनं दोर वर ओढला आणि आपली घागर ओतली. मग दुसरीनं. मग सगळ्यांनी. पंचांनी माणसं पाठवून बाभळीच्या फांद्या आणवल्या आणि बावडीचं तोंड बंद केलं.

वहिनी माझ्याकडे पुन्हा वळली नाही. ती गर्दीकडे तोंड करून, कधी बोलत नाही इतक्या मोठ्यानं बोलली. "त्याईची नजर चुकली नोती," म्हणाली. "सारे आयका. त्याईची नजर चुकली नोती."

एवढंच ऐकायला तू त्या दिवशी मला जवळ बोलावून थांबला होतास. ते माझ्याजवळ होतं, किसना, आणि मी तुला पडून राहा म्हणालो.